पाचवीचा शेक

आमच्या घरातले देव नदीत गेले, पण बिब्बा घरातच राह्यला. भांडण तिथूनच सुरू झालं.

आदल्या दसऱ्याले आमचं सारं गाव नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलतं. केळझरच्या सडकेवर बैलबंड्याच बैलबंड्या, पांढरे लुगडे, लेकरं खांद्यावर. आल्या आल्या माह्या सासऱ्यानं, रामाजीनं, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आन् नदीत सोडून दिले. सटवाईही गेली. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. कायचं सुटलो! वर्षभरानं माही धाकटी जाऊ कमला बाळंत झाली, आन् सासू म्हणते, "पाचवी पुजाची नाई, पण शेक त होईन. शेक काही देव नाई."

शेक म्हणजे काय ते सांगते. कोणाले लाज वाटत असन त उठून जा, मी आता लाजत नाई.

बाळंतिणीच्या अंगात वारा शिरते म्हणतात. त्याच्यासाठी बाजेखाली निखारे ठेवतात, पाठ-पोट शेकतात. ते बरं वाटते, त्याले माहं काही म्हणणं नाई. पण आमच्या घरी पाचव्या दिवशी सुईण येये. बिब्बा टोचून दिव्यावर धरे, त्याचं काळं तेल कापसाच्या बोळ्यावर घेये, आन् जिथून लेकरू आलं तिथंच तो बोळा घालून देये. कायले? त म्हणे वारा शिरू नाई, अंग आवळून यावं, नवऱ्याचं मन दुसरीकडे जाऊ नाई. आता बिब्बा काय चीज हाय तुम्हाले माहीत हाय. धोबी लुगड्याच्या कोपऱ्याले त्याची खूण करते, लुगडं फाटते पण खूण जात नाई. हातावर थेंब पडला त हात उतते, फोड येतात. आन् हे घालायचं कुठं, त तिथं!

माहं झालतं ते. माह्या पोरानं महिनाही पाह्यला नाई, गेला बिचारा. त्याच्यासाठी रडायचीही ताकद नव्हती मले, इतकी मी जळत होती. घाव भरला तो आतून चिकटूनच भरला. मग दर महिन्याले पोटात कळा, अंगात ताप, आन् पाळी थेंब थेंब. माहा नवरा प्रेमदास, गरीब माणूस, दोन-चार वेळा जवळ आला, मी किंचाळली, तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तेव्हापासून त्याचं अंथरूण ओट्यावरच राह्यलं. गाव मले वांझ म्हणू लागलं. अरे, जिनं लेकरू जन्माले घातलं ती वांझ कशी? पण कोणाकोणाचं तोंड धरणार! कापूस वेचायच्या टोळीतही मले कोणी घेये ना. मी मधेच पोट धरून कापसाच्या ओळीत बसे, मग मुकादमीण म्हणे, "ताने, तू घरीच राहात जाय." घरी राह्यली की सासूचं तोंड. कमावत नाई, लेकरू नाई, प्रेमदासले दुसरी करून द्या. हे रोजचं.

एकदा भावासोबत माहेरी जातो म्हणून निघाली आन् वर्धेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पाह्यलं, हात धुतले. मग म्हणाली, "आत सगळं चिकटलंय गं. कोणी केलं हे?" मी काय सांगू? घरच्याईनं केलं म्हणू? ती म्हणाली, मोठं ऑपरेशन करावं लागेल, तरीही मूल होईलच असं सांगता येत नाही. "आणि अशा अंगाने दिवस गेले असते ना, तर बाळंतपणात तू गेली असतीस." हे मी फक्त प्रेमदासले सांगतलं.

आता सासूचं सांगते. आनंदाबाई तिचं नाव. मोठी ताठ बाई. जिथं जाईन तिथं काखेत तरटाचा तुकडा, तो हातरून त्याच्यावरच बसे. दुसऱ्याच्या सतरंजीवर नाई, आमच्या चटईवर नाई. कोणाच्या लग्नात जाये ना, बंडीत बसे ना. सारं गाव नागपूरले गेलं तेव्हाही ही एकटी घरी. "घर कोण पाहीन?" म्हणे. घरात होतं काय पाहायले? चार गाडगे आन् दोन शेळ्या! झोपायची शेळ्याईच्या सपरीत. आन् आपलं लुगडं स्वतः धुये, उजाडायच्या आत. एकदा मी उचलायले गेली त असा हिसका दिला माह्या हातातून! मी समजली, वांझेचा हात नाई लागू देत. ते माह्या काळजाले लागलं होतं, खोटं कायले बोलू.

तर कमला. जामकडची पोरगी, सोळाच्या आसपासची, अंगानं काडी. माह्या मागं मागं फिरे, "बाई, हे कसं करू? बाई, ते कुठं ठेवू?" तिचा नवरा, माहा देर चिंधू, पुलगावच्या मिलमध्ये. तिले मुलगी झाली. सीताबाई सुईणीनं सोडवली. सीताबाईचा हात हलका होता, हे मान्य केलंच पाह्यजे. पोर आडवी होती, तिनं बोटानं सरळ केली. जाताना ती म्हणाली, "पाचवीले येतो," आन् सासू म्हणाली, "येजो." मी चुलीजवळ उभी होती. सारं ऐकलं मी.

मी आधी कमलेलेच सांगतलं. सारं, उघडं करून. ती लेकराले पाजत होती. तिनं ऐकलं, डोळे मोठे केले आन् म्हणाली, "पण बाई, सगळ्याईचं होते नं? माही मायही म्हणे, शेक नाई केला त वारा लागते, बाई येडी होते."

"तुह्या मायले काय झालं ते तिनं तुले सांगतलं का?"

"काय होईन तिले?"

बोला आता! मी तिले हलवून हलवून सांगतलं, ती रडाले लागली, आन् सासूनं बाहेरून आवाज दिला, "काय शिकवून राह्यली व बाळंतिणीले?"

मग मी बिब्बे लपवले. फडताळात एका चिंधीत ठेवले होते, ते कडब्याच्या गंजीत टाकून दिले. येडीच मी! आमच्या भागात बिब्ब्याले काय तोटा. सासूनं शेजारून ओंजळभर आणले आन् माह्या समोर पाटीत ठेवले.

पाचवीच्या सकाळी चिंधू पुलगावहून आला. पोरीसाठी टोपडं घेऊन आलता, मोठा खुशीत. मी त्याले विहिरीजवळ गाठलं. "भाऊजी, आजच्या आज हिले माहेरी घेऊन चला. नाईतर वर्धेले. काहीही करा, पण दुपारी हिले घरात ठेवू नका."

"काऊन? काय झालं?"

आता देराले काय सांगू! तरी सांगतलं, जमीन पाहत पाहत. त्याचे कान लाल झाले. "वयनी, ह्या बायाईच्या गोष्टी. माय जाणे आन् सुईण जाणे. मी कसा मधे पडू?"

"पुढच्या खेपेले ही मरन, तेव्हा पडजो मधे."

तो टोपडं हातात घेऊन तसाच उभा राह्यला. मले इतका राग आला की बादली भरायची सोडून आली.

ऊन चढलं. सीताबाई आली. काखेत झोळी, दीक्षेपासून कपाळ कोरं, पण चाल तशीच, आपणच घराचे मालक असल्यासारखी. बाप्याईले तिनं अंगणात बसवलं. माहा सासरा बाजेची दोरी आवळत होता, प्रेमदास कुऱ्हाडीले धार लावत होता, चिंधू नुसताच बसला होता. खोलीत अंधार, बाजेखाली निखारे, पोर झोपलेली. सासूनं दिवा लावला, तरट हातरलं, त्याच्यावर बसली. सीताबाईनं दाभण काढलं आन् बिब्बा टोचला.

मी दारातून आत गेली आन् बाजेच्या समोर उभी झाली.

"बाजूले सरक, ताने," सीताबाई म्हणाली.

"नाई सरकत."

"अवं, येडी झाली का तू?"

"झाली. तूच केली."

सासू तिथूनच कडाडली, "तुहं झालं नाई म्हून दुसरीचं पाहवत नाई तुले! वांझेची नजर पडली माह्या नातीवर. हो बाहेर!"

बाहेर कुऱ्हाडीची धार लावायचा आवाज बंद झाला. म्हणजे ऐकत होते सारे. कमला बाजेवरून म्हणते, "बाई, होऊ द्या नं. भांडण नको माह्यापायी." तिचा आवाज अगदी बारीक होता. तिले वाटत होतं, आपण सोसलं की घरात शांती राहीन.

सीताबाईनं बिब्बा दिव्यावर धरला. चर्रकन वास आला. तो वास मी कधी विसरली नव्हती.

"सीताबाई," मी म्हटलं, "माहा शेक कोणी केला?"

"मीच केला. घरातल्या सगळ्याईचा आमच्याच हातून झाला."

"मग त्याच्यानंतर तू माह्याकडे कधी पाह्यलं?"

आता हे समजून घ्या. आमच्याकडे सुईण बारा दिवस येते, लुगडं-चोळी घेते, मग त्या घरी पुन्हा पाय ठेवते ते पुढच्या बाळंतपणालेच. मधे कोणी तिले बोलवत नाई, तिनं आपणहून येऊ नाई, अपशकुन समजतात. माहं पुढचं बाळंतपण आलंच नाई. तर सीताबाईनं आपल्या हातचं काम कधी पाह्यलंच नव्हतं.

"मी कायले पाहू?" ती म्हणाली. "तू काय बाळंतीण हाय?"

"आज पहा."

मी मागं वळली, दार लोटलं, कडी घातली. चटईवर निजली, लुगडं वर केलं. भर दुपारी, सासूसमोर, जावेसमोर. मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं, पण सांगते, रागानं माणूस काय वाट्टेल ते करू शकते. "हात लाव," मी म्हटलं. "तुहा हात हलका हाय नं? लाव."

"आनंदे, हिले आवर," सीताबाई म्हणाली.

सासू तरटावरून हलली नाई.

"हात लाव, नाईतर मी अशीच अंगणात जातो आन् सगळ्या गावाले दाखवतो."

सीताबाईनं बिब्बा खाली ठेवला. हाताले तेल लावलं. बसली माह्यापाशी. मी डोळे मिटले, पदराचा बोळा दातात धरला. तिचं बोट लागलं आन् तिथंच अडकलं. तिनं पुन्हा पाह्यलं, दुसऱ्या अंगानं. मग हात काढला. मी डोळे उघडले त ती आपल्या बोटाकडे पाहून राह्यली होती.

"इथं त वाटच नाई," ती म्हणाली. हळू, आपल्याशीच बोलल्यासारखी.

"नाई."

"माह्या हातानं झालं हे?"

"मंग कोणाच्या?"

कमला बाजेवर उठून बसली होती. तिनं पोरीले छातीशी धरलं होतं, दिव्याच्या उजेडात तिचं तोंड पांढरं फट्ट दिसत होतं. आता मले वाटलं, जिंकली मी. पण नाई. सीताबाई उभी झाली, आन् ताठच झाली. इतक्या बाया सोडवलेली बाई, ती अशी कशी वाकन!

"तुह्या अंगाचा दोष असन," ती म्हणाली. "एखादीचं अंगच तसं असते. माह्या मायनंही हेच केलं, तिच्या मायनंही. कोणाले काही झालं नाई."

"कोणाच्या घरी जाऊन पाह्यलं तू?"

"मले जायचं काम नाई! ही समोर बसली नं तुही सासू. प्रेमदास झाला तेव्हा हिचा शेक माह्या मायनं केला, मी दिवा धरून होती. दोन पोरं हाय हिले, चांगली धडधाकट हाय. सांग व आनंदे हिले. तुले झालं का काही?"

सासू तरटावर बसली होती.

"सांग नं," सीताबाई म्हणाली. "येवढा तमाशा केला हिनं. सांगून टाक एकदा."

मी चटईवरून उठून बसली. कमला पाहून राह्यली होती, सीताबाई पाहून राह्यली होती. बाहेरून सासरा म्हणाला, "काय चाललं व?" सासूचे दोन्ही हात तरटाच्या कोपऱ्यावर होते, घट्ट धरलेले. मले वाटलं आता ही उठन आन् मले झिंज्या धरून बाहेर काढन.

ती उठली. तिच्याखालचं तरट ओलं होतं. मधोमध, काळं, ओलं. तिनं ते लपवलं नाई. पहिल्यांदा नाई लपवलं.

"चिंधूच्या वक्ताले वाट नव्हती," ती म्हणाली. "तीन रात्री अडकून होता. मंग फाटलं. तुही माय म्हणाली, फाटन त फाटन, पोर वाचलं नं. तेव्हापासून थांबत नाई."

"काय थांबत नाई?" सीताबाईनं विचारलं, पण तिलेही समजलंच होतं.

"लघवी. उठता-बसता, झोपेत, सदा. म्हून शेळ्याईत झोपतो. वास यायचा त त्याईचा वाटन." तिचा आवाज कुठं हलला नाई, आन् त्याच्यानंच मले जास्त भेव वाटलं. "मले वाटलं, माहंच नशीब. शेकाचा नि त्याचा संबंध लावलाच नाई मी कधी. लावला असता त हिले..."

तिनं माह्याकडे पाह्यलं. अवं, ही बाई मले इतके वर्ष वांझ म्हणत होती! आन् मी हिले ताठ म्हणत होती. मले वरडून रडावं वाटत होतं, तिच्यावर की तिच्यासाठी, तेही समजेना.

सासूनं पाटीतले बिब्बे गोळा केले, सीताबाईसमोरचा टोचलेलाही घेतला. उघड्या हातानं घेतला, तेलही लावलं नव्हतं. पुढं कितीतरी दिवस तो हात उतलेला होता. तिनं सारे पदरात टाकले, गाठ मारली, तरट उचललं, आन् म्हणाली, "सीते, जाय घरी. लुगडं तुले बाराव्या दिवशी भेटन. पण शेक नाई होणार."

"आनंदे, मले माहीत नव्हतं," सीताबाई म्हणाली.

"मलेही नव्हतं. जाय."

मी कडी काढली. सीताबाई झोळी न घेताच निघाली. दारात चिंधू उभा होता, त्यानं तिच्याकडे पाह्यलं, मग मायकडे, मग तिच्या हातातल्या तरटाकडे. त्याच्याच जन्मानं झालं होतं ते, आन् त्यानं सारं ऐकलं होतं. तो काहीतरी बोलाले गेला. सासू म्हणाली, "तू बिब्ब्याईसाठी उकिरड्यात खड्डा खण. खोल खण." आन् तो मुकाट्यानं फावडं घ्यायले गेला. बाराव्या दिवशी सीताबाई काही आली नाई. लुगडं आम्ही पाठवलं, ते तिनं परत केलं.

दुपार कलली. कमला झोपली होती, पोरगी अंगठा चोखत होती. तिच्या बाजेखालचे निखारे मी सारखे केले आन् सपरीकडे गेली. सासू आत लुगडं बदलून बसली होती, ओलं लुगडं आन् तरट एका जागी गुंडाळून. उजाडायची वाट पाहणार होती, रोजच्यासारखी.

"द्या इकडं," मी म्हटलं.

तिनं गठोडं पोटाशी धरलं. "नाई. तू जाय."

"आत्याबाई, द्या."

"वास येते व पोरी."

"माहाही येते," मी म्हटलं. "द्या."

तिनं माह्याकडे पाह्यलं. मग तिचे हात सैल झाले. मी गठोडं डोक्यावर घेतलं आन् भर उजेडात, सगळ्या गावातून, नदीवर धुवाले गेली.